संगणक-स्पर्धा : प्रश्न कोणाचे, उत्तरे कोणाची?

शाळकरी मुलांच्या संगणक-स्पर्धा हा समीक्षेचा विषय कसा होऊ शकतो, असे कोणी विचारील. कविता, कथा, आत्मकथने यांची चिकित्सा करणाऱ्या नियतकालिकाने प्रोग्राम लिहिण्याच्या स्पर्धेत का शिरावे? माझे उत्तर साधे आहे. अशा स्पर्धेतला बहुतेक प्रश्न ही एक छोटी गोष्ट असते. तीत माणसे असतात, काम असते, पैसा असतो, कोणीतरी हुकूम देणारा असतो आणि कोणीतरी राबणारा असतो. गोष्ट म्हटली की निवेदक आला. निवेदक आला की तो कोठे उभा राहून बोलतो हा सवाल आला. हा सवाल विचारणे हेच समीक्षेचे काम आहे, आणि ते आपण साहित्यापुरतेच राखून ठेवावे असे मला वाटत नाही.

मी हिंगोली जिल्ह्यात शिक्षक म्हणून वावरलेला माणूस आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा सोयाबीन, कापूस आणि हळद यांच्यावर जगतो. येथील खेड्यातल्या मुख्याध्यापकांच्या तोंडीही आता ‘कोडिंग’ हा शब्द रुळला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून कोडिंगचा उच्चार केला. त्याच वर्षी शहरी पालकांना भुलवणाऱ्या कोडिंग-क्लासच्या जाहिराती इतक्या पुढे गेल्या की जाहिरात-नियामक मंडळाच्या आक्षेपानंतर व्हाइटहॅट ज्युनियर या कंपनीला काही जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. तेरा वर्षांच्या मुलाला कोट्यवधींची नोकरी, हे त्या जाहिरातींतले स्वप्न होते. त्यांतला मुलगा खोटा निघाला, पण ते स्वप्न मात्र गावोगाव पोहोचले. मग शाळांतून स्पर्धा आल्या, ढाली आल्या, प्रमाणपत्रे आली, हार घातलेल्या मुलांची छायाचित्रे आली.

या स्पर्धांवर पहिला आक्षेप यंत्राचा आहे आणि तो खराच आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीनुसार देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी फक्त ४.४ टक्के कुटुंबांत संगणक होता. शहरांत हे प्रमाण २३.४ टक्के होते. ज्या शाळेत संगणक आहेत तेथेही कक्षाला कुलूप आणि किल्ली कपाटात, असे मी स्वतः पाहिले आहे. ज्याच्या घरी यंत्र आहे आणि ज्याने ते परीक्षेच्या दिवशीच पहिल्यांदा हाताळले, त्या दोघांना एका रांगेत बसवून एकच घड्याळ लावणे याला स्पर्धा म्हणत नाहीत. पण हा आक्षेप आपण पुष्कळदा मांडला आहे आणि तेथेच थांबलो आहोत. उद्या सरकारने प्रत्येक मुलाच्या हाती यंत्र दिले, तर आपला सवाल संपेल काय? मला वाटते, खरा सवाल तेथून सुरू होतो.

आता काही प्रश्न संहिता म्हणून वाचू. शाळकरी मुलांची या विषयातली सर्वांत मोठी स्पर्धा म्हणजे आंतरराष्ट्रीय माहितीशास्त्र ऑलिम्पियाड. ती १९८९ मध्ये बल्गेरियात सुरू झाली. प्रत्येक देशाचे चार विद्यार्थी जातात. भारताचा संघ २००२ पासून जातो. त्याची निवड इंडियन असोसिएशन फॉर रिसर्च इन कम्प्युटिंग सायन्स ही संस्था करीत आली आहे. जगभरच्या शाळा-कॉलेजांतले प्रश्नकर्ते या ऑलिम्पियाडच्या प्रश्नांकडे नमुना म्हणून पाहतात. म्हणून नमुन्यापासूनच सुरुवात करणे योग्य.

२००७ साली क्रोएशियातील झाग्रेब येथे ‘खाणकामगार’ या नावाचा प्रश्न होता. दोन कोळशाच्या खाणी आहेत. मांस, मासे आणि पाव अशा तीन प्रकारच्या अन्नाच्या गाड्या एकामागून एक येतात. प्रत्येक गाडी कोणत्या खाणीकडे पाठवायची हे तुम्ही ठरवायचे. कामगारांना तेच ते अन्न मिळाले तर कोळसा कमी निघतो. पालटून पालटून मिळाले तर जास्त निघतो. एकूण कोळसा जास्तीत जास्त किती निघेल? प्रश्न बुद्धीला ताण देणारा आहे, सुंदर आहे. पण गोष्ट म्हणून वाचा. खाणीत उतरणाऱ्या माणसाची भूक येथे उत्पादनाचे साधन आहे. सोडवणारा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा कोठे उभा आहे? खाणीच्या तोंडाशी, व्यवस्थापकाच्या खुर्चीत.

दुसरा प्रश्न २००९ चा, बल्गेरियातील प्लोव्हदिव येथला. त्याचे नावच ‘मजूर नेमणे’ अशा अर्थाचे आहे. बांधकामासाठी माणसे हवी आहेत. प्रत्येकाची किमान मजुरीची मागणी आहे आणि प्रत्येकाच्या कौशल्याची एक पातळी आहे. नियम असा की नेमलेल्या सर्वांना कौशल्याच्या प्रमाणात मजुरी द्यायची आणि कोणालाही त्याच्या मागणीपेक्षा कमी द्यायची नाही. हाती ठरावीक रक्कम आहे. जास्तीत जास्त किती मजूर नेमता येतील?

लहान आकडे घेऊन पाहू. हे आकडे माझे आहेत. पहिल्या मजुराचे कौशल्य २, मागणी ४०० रुपये. दुसऱ्याचे कौशल्य ३, मागणी ७५०. तिसऱ्याचे कौशल्य १, मागणी ३००. म्हणजे कौशल्याच्या एका मापाला पहिला २०० मागतो, दुसरा २५० आणि तिसरा ३००. ठेकेदाराजवळ १२०० रुपये आहेत. मापाला २०० दर ठेवला तर फक्त पहिलाच येईल. २५० ठेवला तर पहिले दोघे यायला तयार, पण त्यांचे १२५० होतात, ते परवडत नाहीत. ३०० ठेवला तर तिघेही तयार. त्यांतून पहिल्याला ६०० आणि तिसऱ्याला ३०० देऊन ९०० रुपयांत दोघे नेमता येतात. उत्तर आले : दोन. सगळ्यांत अधिक कसबी असलेला दुसरा मजूर घरी बसला. स्पर्धेत या उत्तराला पूर्ण गुण आहेत.

आता तीच माणसे, तेच आकडे, तोच नियम ठेवून प्रश्न उलटा करा. एकालाही न वगळता तिघांना काम द्यायचे तर पैसे किती लागतील? दर ३००, एकूण कौशल्य ६, म्हणजे १८०० रुपये. हातात १२०० आहेत, ६०० कमी पडतात. ते कोठून आणायचे हा पुढचा सवाल. गणिताच्या दृष्टीने हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा पुष्कळ सोपा आहे. माणूस म्हणून तो फार अवघड आहे.

येथे कोणी म्हणेल की गोष्ट हे नुसते टरफल आहे, आत गणित आहे आणि गणिताला जात नसते. खरे आहे, गणिताला जात नसते. पण कशाला जास्तीत जास्त करायचे आणि कशाला अढळ मर्यादा मानायचे, हे गणित ठरवत नाही. ते प्रश्न काढणारा ठरवतो. पहिल्या मांडणीत पैसा अढळ आहे आणि माणसे कमीजास्त होतात. दुसऱ्या मांडणीत माणसे अढळ आहेत आणि पैसा कमीजास्त होतो. हा फरक गणिताच्या आतला नाही, गणित सुरू होण्यापूर्वीचा आहे. वर्णव्यवस्थेने हजारो वर्षे हेच केले. काय अढळ आणि काय कमीजास्त करता येण्याजोगे, हे तिने आधी ठरवून टाकले आणि मग उरलेला हिशेब अत्यंत काटेकोरपणे केला.

दुसरी मांडणी ही केवळ कवीची कल्पना आहे असेही समजू नये. महाराष्ट्राने ती एकदा प्रत्यक्ष करून पाहिली आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याच्या माणसांनी खडी फोडली, पाझर तलाव खणले. आणि त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली मंजूर होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. ‘मागेल त्याला काम’ ही त्याची भाषा होती. म्हणजे मागणारा माणूस अढळ, पैसा उभा करणे ही राज्याची जबाबदारी. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्यामागेही हीच मांडणी होती. अंमलबजावणीत मस्टरवरच्या खोट्या नावांपासून रखडलेल्या मजुरीपर्यंत काय काय झाले ते आपण जाणतो. पण प्रश्नाचे तोंड बरोबर दिशेला होते. ज्या राज्याने हे केले त्या राज्यातल्या मुलांना मात्र स्पर्धेत ठेकेदाराचाच हिशेब शिकवावा, हे मला खटकते.

आणि हे हिशेब वहीत राहत नाहीत. रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा ठेवावा लागतो. माती-दगडात राबून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचा अंगठा यंत्र पुष्कळदा ओळखत नाही. कोठल्यातरी शहरात बसून कोणीतरी तो प्रोग्राम लिहिला. त्याने खोटा लाभार्थी कमी करणे हे ध्येय धरले. खरा भुकेला परत जाता कामा नये ही मर्यादा धरली नाही. एकलव्याचा अंगठा कापून घेतला गेला. येथे अंगठा जागेवर असूनही तो त्याचा नाही असे सांगितले जाते. हा प्रोग्राम लिहिणारा मुलगा कोणत्या तरी शाळेत, कोणत्या तरी स्पर्धेत, पहिल्या प्रकारचे प्रश्न सोडवीतच मोठा झाला असणार. म्हणून मी या स्पर्धांकडे खेळ म्हणून पाहू शकत नाही.

दुसरा मुद्दा भाषेचा. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडची एक पद्धत आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. परीक्षेपूर्वी प्रत्येक देशाचे संघनायक बसतात आणि आपल्या मुलांसाठी प्रश्नांचे भाषांतर करतात. जपानी मुलगा जपानीत वाचतो, इराणी मुलगा फारसीत वाचतो. जगातल्या सर्वांत अवघड शालेय स्पर्धेने हे मान्य केले आहे की परीक्षा बुद्धीची घ्यायची आहे, इंग्रजीची नाही. आमच्या जिल्ह्यात मी पाहिलेल्या स्पर्धेत सातवीच्या मुलांपुढे इंग्रजी प्रश्नपत्रिका ठेवली होती. मुले हुशार होती. पहिल्या अर्ध्या तासात ती प्रश्न सोडवत नव्हती, वाचत होती. निकालानंतर भाषण झाले की ग्रामीण मुलांत तार्किक विचार कमी पडतो. कमी पडले होते ते भाषांतर.

मराठीत हे होऊ शकत नाही असे नाही. लिथुआनियात २००४ मध्ये सुरू झालेली ‘बेब्रास’ ही स्पर्धा आता पुष्कळ देशांत होते. तिच्यात प्रोग्राम लिहावा लागत नाही. क्रम, नियम, आकृतिबंध यांचा विचार करावा लागतो. भारतात ‘सीएसपाठशाला’ या उपक्रमाने ती मराठीतही आणली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण बेब्रास म्हणजे बीव्हर, ओंडके कुरतडून नदीत बांध घालणारा एक प्राणी. आणि या स्पर्धेच्या अनेक प्रश्नांतून तो वावरतो. सेनगावच्या मुलाने तो चित्रातही पाहिलेला नसतो. शब्द मराठी झाले, पण भोवताल परकाच राहिला.

प्रश्नात आपली माती येऊ शकते याचे दाखले याच क्षेत्रात आहेत. २००२ साली ऑलिम्पियाड दक्षिण कोरियात झाले तेव्हा कोरियातला एक छोटा बेडूक, रात्री भाताच्या खाचरात उड्या मारून रोपे आडवी पाडणारा, थेट जागतिक प्रश्नपत्रिकेत आला; सकाळी तुडवलेली रोपे पाहून त्याची वाट शोधणारा शेतकरी त्या प्रश्नाचा नायक होता. भारतीय ऑलिम्पियाडच्या कित्येक प्रश्नांत सिरुसेरी नावाचे गाव भेटते. ते काल्पनिक नाही. चेन्नईजवळ त्या गावात चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आहे आणि तेथील प्राध्यापक हे प्रश्न काढण्यात आघाडीवर आहेत. जो प्रश्न काढतो त्याचे गाव प्रश्नात येते, इतका हा साधा नियम आहे. मग कळमनुरी, वसमत, औंढा ही नावे प्रश्नात का नाहीत, याचे उत्तर शोधायला लांब जायला नको. आपल्यातला कोणी प्रश्न काढायला बसलेलाच नाही.

या ठिकाणी मला दलित साहित्याची वाट आठवते. आपण मराठी साहित्यात नव्हतो असे नाही. दयेचा विषय म्हणून, उद्धाराचा विषय म्हणून आपण दुसऱ्यांच्या कथांत होतोच. बाबुराव बागूलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ साली आला, दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, आणि निवेदक बदलला. निवेदक बदलल्यावर अनुभवच नव्हे, तर मूल्येही बदलली. संगणकाच्या क्षेत्रात आपली मुले आज त्या जुन्या अवस्थेत आहेत. ती दुसऱ्याच्या गोष्टीत उत्तरे शोधतात. चांगली शोधतात, नोकऱ्याही मिळवतात. पण दुसऱ्याने मांडलेला प्रश्न बिनचूक सोडवून देणे ही, नीट पाहिले तर, नव्या काळातली वेठच आहे. यंत्र चकचकीत आहे, खोली थंड आहे, एवढाच फरक.

म्हणून माझी सूचना अशी की आपल्या शाळांतून प्रश्न सोडवण्याच्या स्पर्धेआधी प्रश्न मांडण्याची स्पर्धा घ्यावी. मी एका वर्गात हा प्रयोग केला. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या एका मुलीने हिशेब मांडला. आईबापाच्या कोयत्याने मुकादमाकडून १ लाख रुपये उचल घेतली. टनाला ४०० रुपये धरा, जोडी दिवसाला २ टन तोडते. १२० दिवसांच्या हंगामात उचल फिटेल का? १२० दिवसांचे ९६ हजार होतात, ४ हजार उरतात. मग तिने स्वतःच पुस्ती जोडली : आजारपणाचे १० खाडे झाले तर? ८८ हजार, १२ हजार उरतात, आणि त्यांत पुढच्या वर्षीची नवी उचल मिळते. आकडे तिने सोयीसाठी धरले होते, पण रचना खरी होती. प्रोग्राम शिकवताना ‘जोवर अमुक आहे तोवर हेच पुन्हा कर’ ही कल्पना समजावायला शिक्षक घाम गाळतात. या मुलीला ती कोणी समजावून द्यावी लागली नाही. जोवर उचल शिल्लक आहे तोवर फडावर जा, हा तिच्या घराचाच प्रोग्राम आहे. तिने विचारले, “सर, हे थांबायला कोणती अट बदलावी लागेल?” माझ्या मते संगणकशास्त्रातला आणि समाजशास्त्रातला याहून नेमका प्रश्न शालेय स्पर्धेत क्वचितच आला असेल.

असे प्रश्न मांडायला पहिल्या दिवशी यंत्र लागत नाही. भारतीय ऑलिम्पियाडची पहिली पायरी असलेली एक विभागीय परीक्षा बरीच वर्षे कागद-पेनवरच होत असे. पण येथे एक इशारा देणे मला कर्तव्य वाटते. ‘गरिबाला कागद, श्रीमंताला संगणक’ अशी नवी वाटणी या निमित्ताने कोणी करू लागला तर ती आपण फेकून दिली पाहिजे. कागद ही सुरुवात आहे, पर्याय नव्हे. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हेच सांगितले होते की शेतकऱ्याच्या घामातून आलेला सरकारी पैसा वरच्या थरांच्या शिक्षणावर खर्च होतो आणि विद्या वरून खाली झिरपेल ही आशा फोल आहे. एका मुलाला ढाल देऊन चाळीस मुलांच्या कक्षाला कुलूप घालणारी स्पर्धा म्हणजे झिरपण्याचा तोच जुना सिद्धांत आहे. जिल्ह्यात कोण पहिला आला एवढे विचारून भागणार नाही. स्पर्धा संपल्यावर किती शाळांचे संगणक-कक्ष रोज उघडतात, हे शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत विचारले पाहिजे.

या जिल्ह्यापुरते तरी हे तातडीचे आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची प्रयोगशाळा उभी राहत आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिचे चार-चार किलोमीटर लांबीचे दोन बाहू आपल्या जमिनीवर पसरतील आणि तेथून निघणारी माहिती संगणकच वाचतील. त्या फाटकातून आपली मुले कोणत्या नात्याने आत जाणार? पहारेकरी, सफाईवाले, की त्या माहितीला नवा प्रश्न विचारणारे?

याच औंढ्याची एक दंतकथा घरोघर सांगतात. नामदेवांना देवळासमोरून उठवून मागे पाठवले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले. बाबासाहेबांच्या मागे १९५६ साली निघालेल्या माणसांना चमत्काराची वाट पाहता येत नाही. संगणकाच्या स्पर्धेत आज प्रश्नाचे तोंड ठेकेदाराकडे आहे. ते मजुराकडे फिरवणे हे मानवी हाताचे, शिकण्यासारखे आणि शिकवण्यासारखे काम आहे. ते सातवीच्या वर्गात, मराठीत आणि याच वर्षी सुरू करता येते.